थांबायचं नाही, हा नियम माझा होता

तिच्या दाराशी मी तीनदा सायकलची घंटी वाजवली. आतून आवाज आला नाही. चौथ्यांदा वाजवायची नाही असं आमचं ठरलेलं होतं, म्हणून वाजवली नाही. "मर मंग तिथंच पडून," असं मोठ्यानं म्हटलं, सायकल वळवली आणि निघाले. सकाळचे सव्वापाच झाले होते, जानेवारी होता, अंधार होता. दाराच्या पलीकडे तेव्हा ती जिवंत होती. हे मला नंतर कळलं. सांगणाऱ्या बाईनं ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

ती आणि मी एकाच मेसमध्ये पोळ्या करायचो. मेस सक्करदऱ्याकडे, आणि आम्ही राहायला हुडकेश्वरच्या मागच्या लेआउटमध्ये. मधलं अंतर सहा-सात किलोमीटर. पोरांचे डबे साडेसातला निघतात, म्हणजे सहाला तवा तापलेला पाहिजे. त्या वेळी आमच्याकडून बस नाही, आणि दोन बायांसाठी ऑटोवाला अंथरुणातून उठत नाही. म्हणून सायकल. माझी सायकल नातीला शाळेतून मिळाली होती. तिला स्कूटी आली, सायकल माझ्याकडे आली. चालवायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, लेआउटच्या रिकाम्या प्लॉटवर पडून पडून. मग तिला मी शिकवलं. कॅरिअर धरून मागे पळायचे आणि न सांगता सोडून द्यायचे. ती तीनदा आपटली. चौथ्यांदा नाही आपटली.

ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मला बाई म्हणायची, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मी तिला म्हैस म्हणायचे. नवरा गेलेला, एक मुलगी नरखेडकडे दिलेली, घरात ती आणि तिची सासू, दोघीच. सासूचं वय ऐंशीच्या वर. ऐकू नीट येतं, दिसतं नीट, दात तेवढे नाहीत. सून रोज म्हणायची, "म्हातारी मले पोचवूनच जाईल." आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं, कारण म्हातारी पण हसायची.

पोळ्यांचं काम दोघींचं असतं. एकीनं लाटायच्या, दुसरीनं शेकायच्या. एक आली नाही तर दुसरीच्या हातांचे हाल होतात आणि डबे उशिरा जातात. त्यामुळं ती उठली की नाही हा तिचा एकटीचा प्रश्न कधीच नव्हता. तो माझ्या मनगटांचा प्रश्न होता.

पहिल्या हिवाळ्यात मी तिच्या दारात थांबायचे. "पाचच मिनिटं थांब वं बाई," ती आतून म्हणायची. थंडीत सायकल चालवणं सोपं आहे, थांबणं अवघड. चालवताना अंग तापतं. उभं राहिलं की गारठा तळपायातून चढतो, हँडलवर बोटं आखडतात, आणि मग आपल्यालाही वाटतं, कशाला जायचं, आज नको. दोनदा मी तशीच तिच्या दारातून परत जाऊन झोपले. मेसच्या मालकीणबाईंनी दोघींना समोर उभं केलं आणि सांगितलं, "आता तिसऱ्यांदा असं झालं तर दोघीही येऊ नका." त्याच दिवशी परत येताना मी नियम केला. तीन घंट्या. बाहेर आलीस तर बरोबर, नाही आलीस तर मी निघाले. थांबायचं नाही, दार ठोकायचं नाही, दुसऱ्या दिवशी चौकशी करायची नाही. माझ्यासाठीही तोच नियम. सव्वापाचपर्यंत माझी घंटी नाही आली तर तिनं माझी वाट पाहायची नाही.

नियम फार चांगला निघाला. दुसऱ्या दिवसापासून ती दोन घंट्यांत बाहेर. डोळे चिकटलेले, डोक्याला मफलर, आणि तोंड सुरू.

"आली वं, आली. काहून बोंबलून राहिली? अख्खा लेआउट उठवतं का?"

"लेआउट कवाचा उठला. तूच लोळून राहिली."

"तुले थंडी नाही लागत का वं बाई?"

"लागते ना. पण तुह्यं तोंड पाहिलं का राग येते, मंग नाही लागत."

"मंग माहा फोटो लाव घरात. शेगडीचा खर्च वाचन."

असे सहा हिवाळे गेले. लोक मला विचारतात, या वयात थंडीत सायकल चालवायची हिंमत कुठून आणता. हिंमत वगैरे काही नसतं. रात्री साडी, स्वेटर, मोजे उशाशी ठेवायचे, शोधायला लागले की संपलं. सायकल घरात आणून ठेवायची, बाहेर ठेवली तर सीट दवानं ओली होते आणि ओल्या सीटवर बसायच्या विचारानंच माणूस परत गोधडीत जातो. ब्लाउजच्या वर, स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालायचं, छातीला वारा लागत नाही. उठताना विचार करायचा नाही. पाय आधी बाहेर काढायचे, डोकं मागून येतं. आणि कोणावर तरी रागवायचं. रागासारखं गरम दुसरं काही नाही. मी तिच्यावर रागवायचे, ती माझ्यावर. आम्ही एकमेकींना शिव्या देत अर्ध्या वाटेवरच्या मानेवाड्यापर्यंत जायचो आणि तिथपर्यंत अंग तापलेलं असायचं. गोड बोलून थंडीत कोणी उठत नाही. मी तिला एकदाही गोड बोलून उठवलं नाही.

गेल्या दिवाळीत तिचं घरकुल झालं. तोवर ती माझ्या शेजारीच, माझ्यासारख्याच टिनाच्या घरात होती. वर टीन, भिंती विटांच्या पण वरच्या बाजूला वीतभर फट, दार लाकडाचं, खाली मांजर जाईल एवढी जागा. आता तिला चार गल्ल्या पलीकडे स्लॅबची खोली मिळाली. गिलावा, फरशी, लोखंडी दार, सरकत्या काचांची खिडकी. मला दाखवायला घेऊन गेली. खिडकी सरकवून बंद केली आणि म्हणाली, "पाय बाई, मुंगी नाही येत आत. आवाज बी नाही येत."

मी म्हटलं, "चांगलं आहे. मेली तरी कोणाले कळणार नाही."

ती हसली. खरं सांगायचं तर मी जळत होते. माझं नाव यादीत आलं नव्हतं. त्या जळण्यातूनच ते वाक्य निघालं होतं. पुढं काय होणार हे मला माहीत नव्हतं, त्यामुळं त्या वाक्याला जास्त किंमत देऊ नये. मी असली वाक्यं दिवसातून दहा बोलायचे.

पण स्लॅबची खोली हिवाळ्यात थंड पडते. फरशी तर बर्फच. डिसेंबरच्या शेवटी थंडी वाढली आणि तिचा उशीर सुरू झाला. दोन घंट्यांवरून तीनवर आली. एकदा तर मी सायकल वळवल्यावर मागून पळत आली, एका पायात चप्पल.

"फरशीवर पाय नाही ठेववत वं बाई. म्हातारी रातभर कुडकुडते. हातपाय असे आखडतात का हँडल धरताच नाही येत."

"शेगडी ठेव ना खोलीत. मी नाही ठेवत का? मोजे न हातमोजे जवळ टाकून ठेव. सकाळी गरम गरम घालायचे न निघायचं. थंडी विचारत बी नाही."

हे मी सांगितलं. आमच्या लेआउटमध्ये सगळ्याच बाया हे करतात. इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणायचे, शेगडी अंगणात पेटवायची, धूर पूर्ण निघून जाईपर्यंत बाहेर ठेवायची, आणि नुसते लाल निखारे राहिले की आत आणायची. धूर असलेली शेगडी आत आणणारी बाई मूर्ख, हे आम्हाला आमच्या आयांनी शिकवलं. धूर वाईट, निखारा चांगला. तीस-चाळीस हिवाळे मी अशीच झोपले. मला काही झालं नाही, कारण माझ्या घरात वारा एका फटीतून येतो आणि दुसरीतून जातो. हे कारण मला दवाखान्यात कळलं. तोपर्यंत मी समजत होते की मला शेगडी पेटवता येते. आम्हा बायांपैकी कोणीच कधी पूर्ण बंद होणाऱ्या घरात राहिलं नव्हतं. बंद होणाऱ्या घरात काय करायचं नसतं हे आम्हाला कोण सांगणार?

तिनं चार दिवस शेगडी ठेवली. चारही दिवस पहिल्या घंटीला बाहेर. गरम हातमोजे माझ्या गालाला लावून दाखवले. म्हणाली, "डोकं जड वाटते सकाळी, पण सायकलवर बसलं का मोकळं होते."

मी म्हटलं, "डोकं असन तर जड होईन."

पाचव्या दिवशी म्हातारी म्हणाली, दाराखालून वारा लागते. म्हणून हिनं दाराखाली गोणपाट कोंबलं.

सहाव्या दिवशी मी तीन घंट्या वाजवल्या.

त्या सकाळी धुकं होतं. वाटेतल्या तलावाच्या बाजूला तर रस्ता दिसत नव्हता. मी एकटीच होते, बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मनातल्या मनात तिला शिव्या देत होते. घर मिळालं म्हणून माजली. म्हातारीच्या बाजूला गरम पडली आहे. आज तीनशे पोळ्या मी एकटी लाटणार, मीच शेकणार. पायडल इतक्या जोरानं मारत होते की मेसला नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी पोहोचले. अंगाला घाम होता. त्या दिवशीचा राग फार उपयोगाचा होता.

मालकीणबाई कणीक काढत होत्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्यांना ताई म्हणते.

"मावशी, एकट्याच? ती कुठंय?"

"झोपून राहिली."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय धाड भरली? घर गरम आहे तिचं."

ताईंनी फोन लावला. रिंग जात होती. पुन्हा लावला. "उचलत नाही हो."

"उचलन कशी? गोधडीतून हात बाहेर काढा लागते."

ताई हसल्या. मग म्हणाल्या, "असं कसं चालेल मावशी? आधी सांगायचं तरी."

त्यावर मी जे म्हटलं ते लिहिते, कारण ते मी म्हटलं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही दुसरी पाहा. हिच्यात आता दम नाही राहिला." सहा वर्षं ती माझ्या समोर उभी राहून पोळ्या शेकत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत चटक्यांनी काळे झाले होते. मी तिचं काम सहा मिनिटांत घालवलं. ताईंनी मदतीला आपल्या जावेला बोलावलं. जावेच्या पोळ्या करपल्या. मला बरं वाटलं की पाहा, हिच्यापेक्षाही वाईट बाया आहेत.

नऊच्या सुमाराला डबे गेल्यावर ताईंनी पुन्हा फोन लावला, तिला झापायला. या वेळी उचलला. ताई "काय गं" म्हणाल्या. पण पलीकडे पुरुषाचा आवाज होता.

आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. टँकर आला आणि एखाद्या घरचे ड्रम भरले नाहीत असं होत नाही. बाई तापानं फणफणत असली तरी टँकरला उठते. त्या दिवशी तिचे ड्रम रिकामे दारात उभे होते. शेजारच्यानं दार ठोकलं, मग खिडकीची काच फोडली. आत दोघी पडलेल्या. फोन वाजत होता म्हणून त्यानं उचलला. त्यानं ताईंना एवढंच सांगितलं की दोघींना सरकारी दवाखान्यात नेलं आहे, एकीचं काही खरं नाही. कोणती एक, हे सांगितलं नाही. ताईंनी विचारलं नाही. मीही विचारायला सांगितलं नाही.

ताई म्हणाल्या, गाडीवर सोडायला सांगते. मी नको म्हटलं. सायकल काढली. दवाखाना जवळ होता, पण मी आधी तिच्या घरी गेले. काहून गेले ते मलाही माहीत नाही. कदाचित असं वाटलं असेल की तिथं जाऊन पाहिलं तर कळेल ती चूक कोणाची. लोक दारात उभे होते. फुटलेल्या काचेतून आता वारा येत होता. शेगडीत राख होती. शेगडीजवळ पाटावर तिचे मोजे आणि हातमोजे पसरलेले होते, एकाजवळ एक, मी सांगितलं होतं तसे. भिंतीला सायकल उभी होती, हँडलला मफलर बांधलेला. ती निघायची पूर्ण तयारी करून झोपली होती. आळशी बाई अशी झोपत नाही.

मी रडले नाही. शेजारीण म्हणाली, "मावशी, तुम्ही तं रोज सकाळी येता ना इथं?" मी म्हटलं, "येते." आणि दवाखान्याकडे निघाले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं मला विचारलं, शेगडी रोज ठेवायच्या का, खिडकी बंद होती का, सकाळी कोणी पाहिलं होतं का. पहिल्या दोनांची उत्तरं मी दिली. तिसऱ्याला म्हटलं, "माहीत नाही." त्यानंच सांगितलं की निखाऱ्याचा धूर दिसत नाही, वास येत नाही, पण तो असतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. मी म्हटलं, "आम्ही तं जन्मभर ठेवतो." तो म्हणाला, "आजी, तुमचं घर फटींचं असेल." त्याला कसं कळलं देव जाणे.

संध्याकाळपर्यंत काय ते झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी नरखेडवरून एसटीनं आली. तिचा चेहरा आईसारखाच. मला मिठी मारून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मावशी, आई सांगे, तुम्ही रोज बोलवायले येता म्हणून. त्या दिवशी नव्हत्या का गेल्या?"

"गेली होती."

"मंग?"

"घंटी वाजवली. आवाज नाही आला. मले वाटलं, बरं नसन."

"अन् मंग?"

"मंग गेली कामावर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला आणखी विचारायचं होतं, पण मी तिच्या आईच्या वयाहून मोठी, म्हणून विचारलं नाही. मी जे सांगितलं त्यातलं "बरं नसन" एवढं खोटं होतं. मला तसं वाटलं नव्हतं. मी तिला मर म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी मी कामावर गेले. सायकलनंच. लोकांना ते वाईट दिसलं. मेसमधली पोरं जेवायची थांबली नव्हती. ताईंनी नवी बाई ठेवली, ती मोपेडवर येते. चांगली आहे, गप्प असते. वाटेत शिव्या द्यायला कोणी नाही, म्हणून मानेवाड्यापर्यंत माझं अंग आता तापत नाही. माझ्या घरातली शेगडी मी अंगणात ठेवली आहे. फटी आहेत तरी. रात्री थंडी वाजते. वाजू दे.

दवाखान्यातून घरी आलेल्या बाईकडे मी रोज दोन पोळ्या आणि वरण घेऊन जाते. मुलीनं तिला नरखेडला चल म्हटलं, ती गेली नाही. खिडकीला काच अजून बसवलेली नाही, पुठ्ठा लावला आहे. फेब्रुवारीत एकदा मी पोळी कुस्करून देत होते. ती बोळक्या तोंडानं चघळत होती. चघळता चघळताच म्हणाली,

"तू आली होती त्या दिवशी."

मी म्हटलं, "कोणत्या दिवशी?"

"आता मले शिकवतं का वं? तीनदा वाजवली तू. म्यां मोजली. मले उठाचं होतं, पण हात नाही उचलला. पाय नाही हलला. तोंडातून आवाज नाही निघाला. डोळे तेवढे उघडे होते."

मी पोळी कुस्करत राहिले.

"अन् ते घोरून राहिली होती. बाजूलेच. मस्त घोरत होती. म्हटलं, हे बाई आता शिव्या देईन, दार ठोकन, मंग कोणी येईन. तू शिवी देली. दार नाही ठोकलं."

"आमचा तसा नियम होता," मी म्हटलं.

"कोणाचा?"

"माहा."

ती पुढचा घास चघळायला लागली. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, मलाही तिच्यावर रागावता आलं असतं. तिनं फक्त वाटी पुढं केली आणि म्हणाली, "वरण वाढ अजून. पातळ करत जाय, गिळत नाही मले."

मी वरण वाढलं. त्या खोलीत दोघी झोपल्या होत्या. सून गेली. सासू जगली.